सार्वजनिक टीव्हीतला प्रोड्युसर: नोकरी हवी की कंत्राट पुरे?

रफकट
मराठीत निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. सार्वजनिक टीव्हीवरच्या चालू घडामोडींचा प्रोड्युसर म्हणजे वेगळंच प्रकरण. विषय तो शोधतो, माणसांना बोलतं करतो, एडिटमध्ये रात्री काढतो आणि पडद्यावर चेहरा दिसतो भलत्याचाच. माझं मत: हे काम शिकायचं तर संस्थेत पगारी नोकरी हवी. चार महिने खणून 'यात स्टोरी नाही' असं सांगायची मुभा पगारदारालाच असते. अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवर १९८३ पासून 'फ्रंटलाइन' ही माहितीपटांची मालिका सुरू आहे. ते उभं करणारे डेव्हिड फॅनिंग २०१५ पर्यंत त्याचे कार्यकारी निर्माते होते. इतका काळ एका कामात मुरायला आणखी कुठे मिळतो?

टाइमकोड
साफ असहमत. लॉटरी लागलेल्याला विचारून तिकीट काढायचं झालं हे. फॅनिंग एकच. ब्रिटनमध्ये तर १९९० च्या कायद्यानेच बीबीसीला २५ टक्के कार्यक्रम स्वतंत्र कंपन्यांकडून घेणं भाग पाडलं. 'नोकरी' म्हणजे एका फिल्मपुरतं कंत्राट, ही सवय तेव्हापासून पक्की झाली. मी नऊ वर्षांत अशी सतरा कंत्राटं केली. एका फिल्मचं प्रसारण रात्री नऊला होतं, माझं ऑफिसात शिरायचं कार्ड संध्याकाळी सहालाच बंद झालं. गेटवर जमा केलं आणि फिल्म घरी जाऊन बघितली.

रफकट
कार्डाचं वाचून वाईट वाटलं. पण हाच तर माझा मुद्दा! सहानंतर प्रेक्षकाची तक्रार आली तर उत्तर कोण देणार?

जुनी_टेप
दोघंही पगारावर अडलाय. एडिटकडे बघा. दोन वाक्यांमधला सांधा, म्हणजे कापून जोडलेली जागा, गर्दीच्या शॉटने झाकणं हे रोजचं काम. मध्ये पांढरा फ्लॅश टाकला तर प्रेक्षकाला निदान कळतं की काहीतरी गाळलंय. बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातली, एकमेकांपासून ५० हून जास्त मिनिटं लांब असलेली वाक्यं सलग जोडली. त्यावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस, दोघांनीही राजीनामे दिले. १९५३ पासूनचा कार्यक्रम, आणि नडला एक सांधा.

रफकट
आणि ती फिल्म बाहेरच्या कंपनीने केलेली होती, हे सोयीस्करपणे राहिलं.

टाइमकोड
दाखवली कोणी? बाहेरच्याने कापलं, आतल्यांनी बघून पास केलं. पगारदारांची नजर एवढी तयार असती तर सांधा तिथेच दिसला असता. आणि ज्या पगारावर तुमची भिस्त आहे तो तरी कुठे पक्का आहे? जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. दोन वर्षांचा निधी एका झटक्यात गेला.

रफकट
निधीचं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण नवख्याला तीस तासांचं फुटेज लॉग करायला, म्हणजे कुठे काय आहे ते टिपून ठेवायला बसवून, वर त्याच्या चुका दाखवायला कोणी जवळ बसेल, अशी कंत्राटी कंपनी मला अजून भेटलेली नाही.

टाइमकोड
मला एक भेटली होती. बंद पडली.

जुनी_टेप
अवांतर: ती नऊ वाजताची फिल्म. शेवटी नाव तरी आलं का?

टाइमकोड
आलं की. आडनाव चुकवून.