फ्लॅटमधलं तुमचं परसदार कोणतं?

दोरीवाली
गेला आठवडाभर आमच्याकडे कपडे वाळत घालायचे वांदे झालेत. बाल्कनीत दोरीच्या टोकाला एक जुनी केबलची वायर लोंबते, तिला काहीतरी कचरा लागलेला दिसला म्हणून झाडू घेऊन निघाले तर सासूबाई ओरडल्या, अगं थांब, त्याला दार आहे! खरंच की. कोळ्याची जाळी, सुकी पानं, सालीचे तुकडे असं काय काय चिकटवून केलेली पिशवी, बाजूला भोक आणि त्यावर पडवीसारखं छप्पर. शिंजीर. मादी एकटी राबते, नर जांभळा चमकत रेलिंगवर बसून नुसता गातो. ठाण्यात तिसरा मजला, समोर दुसऱ्या बिल्डिंगचं किचन, आणि तिला हीच जागा सापडली.

सासूबाईंनी दोरी बंद केली आणि मला आजी आठवली. आजोळी गुहागरला देवाच्या फोटोमागे चिमण्या घरटं करायच्या, मग आजी पंखा लावू द्यायची नाही, भर मे महिन्यात, आम्ही दहा पोरं घामाने निथळत पडलेलो. तेव्हा जाम राग यायचा.

तुमचं सांगा ना.

मिरचीभजी
मादी बांधते नि नर गातो 😂 आमच्या घराचा पत्ता कुणी दिला तुला?
आमच्याकडे फक्त पारवे. जाळी बसवून घेतली तर दोन पारवे आतल्या बाजूला राहिले. आता ते जोडीने राहतात, भाडं देत नाहीत.

सातवा_मजला
२०२० ला मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाबा गेले आणि पाठोपाठ लॉकडाऊन, भेटायला पण कोणी येऊ शकलं नाही. कांदिवलीच्या घरात मी आणि आई. गाड्या बंद म्हणून पहिल्यांदाच ऐकू आलं, टुक टुक टुक टुक, आईला वाटलं वर कुणीतरी काम काढलंय, या दिवसांत कोण टाइल्स ठोकतंय म्हणून सेक्रेटरींना फोन लावायला निघालेली. तांबट होता. समोरच्या वाळक्या फांदीवर, मुठीएवढा, हिरवा, कपाळ लाल, सुरू झाला की थांबायचं नाव नाही. मग रोज दुपारी चहा घेऊन दोघी खिडकीत. आई म्हणायची, आला गं तुझा ठोक्या. बाबांचा विषय तेव्हाच निघायचा, समोरासमोर बसून नाही जमायचं, दोघी बाहेर बघत असलो की जमायचं. ती फांदी पुढे पावसाळ्याआधीच्या छाटणीत गेली. असो, कुकर झाला.

मिरचीभजी
ठोक्या ❤️ आईंना नमस्कार सांग गं

टेकडीकर
कोथरूड. घरात ऊन शून्य, तुळस पण टिकत नाही, तीन मेल्या. म्हणून पहाटे वेताळ टेकडी. मोर ओरडला की पुढचा दिवस ऑफिसमध्ये कोणीही ओरडलं तरी चालतं.

पावशेर
आमचं ब्रह्मकमळ. गेल्या जुलैत एका रात्री नऊ फुलं, साडेअकराला अख्ख्या विंगला मेसेज टाकला, बायका गाऊनवर, पोरं झोपेत, आणि पार्किंगवरून वर्षभर न बोलणारे पण आले हो! आल्याचा चहा केला, दूध संपलं तर त्यांनीच आणून दिलं.

अण्णा_नाशिक
ते खरं ब्रह्मकमळ नव्हे. निवडुंगाच्या कुळातलं आहे, मूळ मेक्सिकोकडचं. खरं हिमालयात फुलतं.

पावशेर
माहितेय हो अण्णा. पण पार्किंग मिटलं 😀

हिमगौरी
टोरांटो, चौदावा मजला. माझा एकच कढीपत्ता, सहा महिने हॉलमध्ये लाइटखाली असतो. यंदा सगळी पानं झडली, नुसत्या काड्या. नवरा म्हणतो टाक आता. पण नखाने खरवडलं तर आत हिरवं आहे. फोडणीला दुकानातली पाकिटातली पानं घालते, याचं एक पान तोडायचा जीव होत नाही.

अण्णा_नाशिक
थंडीत पाणी कमी. ऊब आली की पातळ ताक घालणे. टाकू नका.

दोरीवाली
पंधरा दिवसांनी धागा वर काढतेय. दोन चोची दिसल्या!! आणि बाप आता अळ्या आणून भरवतोय, तेव्हा मिरचीभजी, आशा सोडू नकोस. शर्ट सगळे हॉलमध्ये खुर्च्यांवर, पाहुणे आले की उचलायचे.

मिरचीभजी
आमचा परवा स्वतः होऊन चहा करायला उठला होता. गॅस संपलेला.

हिमगौरी
अण्णा, ताक किती, वाटीभर? इथलं दही गोडसर असतं, चालेल का?