शब्दचर्चा : हत्यार की अवजार, आणि यादीतला 'बिचवा'

प्रवराकाठ :
आजोबांच्या पेटीत घरातल्या चीजवस्तूंची एक जुनी यादी सापडली. घंगाळे, समया, परात, आणि सगळ्यांच्या खाली 'बिचवा नग १'. आईचे माहेर यवतमाळकडचे. ती म्हणाली, पायाच्या बोटातला दागिना असेल, आमच्याकडे बिचवे म्हणतात. पण जोडीचा दागिना एक नग कसा? शेवटी पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली वस्तू निघाली : वीतभर लांबीचे दुधारी, नागमोडी पाते आणि मुठीच्या जागी लोखंडाचेच लांबट कडे. त्यात चार बोटे घट्ट बसतात.

सोबत दोन दगड होते. आजोबा नेवाशाला नोकरीला होते, तेव्हा नदीच्या घळीत मिळालेले. एक काळपट, बदामाच्या आकाराचा, तळहाताएवढा. दुसरा करंगळीच्या पेराएवढा, मधाच्या रंगाचा, एका बाजूने चांगलाच धारदार. चिठ्ठीवर आजोबांच्या अक्षरात 'आदिमानवाचे हत्यार'.

मला अडचण शब्दाची आहे. हत्या करायची ते हत्यार. त्या दगडाने बहुधा कंद उकरले असतील, हाडे फोडली असतील. मग 'अवजार' लिहायला नको का?

शब्दखोर :
हत्याराचा हत्येशी काही संबंध नाही, नुसता कानाला लागतो. मूळ 'हस्त', प्राकृतात 'हत्थ', त्यातून हिंदीत हथियार आणि आपल्याकडे हत्यार. म्हणजे हाती धरायचे ते. म्हणून सुताराचा रंधा हे हत्यार, न्हाव्याचा वस्तराही हत्यार. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा तलवारीशेजारी कोयता आणि टिकाव ठेवताना कोणाला खटकत नाही.

गंमत अशी की ज्याला तुम्ही सोज्वळ समजून जवळ करताय तो 'अवजार' अरबीतून आलाय (औजार). दिसायला मात्र 'अव' उपसर्ग लावलेला संस्कृत शब्द वाटतो.

शस्त्र आणि अस्त्र यांचा भेद जुना आहे : हातात धरून चालवायचे ते शस्त्र, फेकायचे ते अस्त्र. तरीही पुरातत्त्वाच्या मराठीत बारीक दगडी पात्यांना 'सूक्ष्मास्त्रे' म्हणतात. त्यातली काही बाणाला बसवत, पण बरीचशी लाकडाच्या खाचेत ओळीने बसवून कापायला वापरत. तो शब्द मला कायम जरा नाटकी वाटत आलाय.

लोहारआळी :
तुमची वस्तू बिचवाच, वर्णनावरून शंका नाही. पात्याचा दुहेरी बाक विंचवाच्या नांगीसारखा, म्हणून नाव. मूठ आणि पाते एकाच लोखंडाचे, मूठ म्हणजे नुसते कडे, हीच त्याची खूण. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाच्या भेटीत वाघनखाबरोबर याचेही नाव येते. काही नगांत तर वाघनख आणि बिचवा एकाच मुठीला जोडलेले असतात.

आणि हात जोडून सांगतो, चिंच, लिंबू, राख, पॉलिशपेपर यातले काही लावू नका. वरवरचा सैल गंज मऊ कापडाने आणि हलक्या तेलाने काढा. घट्ट बसलेला तांबूस-काळा थर आहे तसा राहू द्या, वय त्यातच दिसते. आमच्या आळीत दरवर्षी कोणीतरी आजोबांची तलवार चकचकीत करून आणतो आणि विचारतो, काका, किती जुनी असेल?

शब्दखोर :
'बिचवा' मराठी वळणाचा नाही बरं का. संस्कृत वृश्चिक, हिंदीत बिच्छू, मराठीत विंचू. आपण 'व' राखतो, हिंदीत त्याचा 'ब' होतो. मराठीतच घडला असता तर 'विंचवा' झाला असता. शस्त्र उत्तरेच्या नावाने आले आणि तसेच राहिले. पायातला बिचवाही त्याच विंचवाचा, तेव्हा आईसाहेब अगदीच चुकल्या नाहीत.

गारगोटी :
मी दगडांवर बोलतो. बदामी आकाराचा तो 'हातकुऱ्हाड', म्हणजे मुठीत धरून वापरायचे दगडी हत्यार, असण्याची शक्यता मोठी. नेवासे ही त्यासाठी गाजलेली जागा आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांनी १९५० च्या दशकात तिथे उत्खनन केले आणि जवळच्या चिरकीला पुढे गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी पुराश्मयुगीन (जुन्या दगडी हत्यारांच्या काळातले) थर खणले. भारतात असा दगड मानवनिर्मित म्हणून पहिल्यांदा ओळखला रॉबर्ट ब्रूस फूट यांनी, १८६३ मध्ये, मद्रासजवळ पल्लावरमला. त्याच भागातल्या अत्तिरम्पक्कमच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या निघाल्या.

नावावर जाऊ नका. हातकुऱ्हाडीला दांडा नसतो आणि तिने झाड कोणी पाडले नसावे.

नदीत घरंगळूनही दगडाचे टवके उडतात, म्हणून आकार पाहून हुरळू नये. दोन्ही बाजूंनी, एकाआड एक, कडेकडून आत गेलेले उथळ खोलगट व्रण दिसतात का पहा. छोट्या तुकड्याची ओळख वेगळी : जिथे घाव बसला तिथे खाली एक गुळगुळीत फुगवटा, आणि त्यापासून पाण्यात खडा टाकल्यासारखी वलये. निसर्गातही क्वचित असे होते, पण एकाच तुकड्यावर अनेक घाव शिस्तीत बसलेले असतील तर मागे हात आहे.

प्रवराकाठ :
फुगवटा आहे! वलयेही, पण तिरप्या उन्हात धरल्यावरच दिसली. याला चकमकीचा दगड म्हणायचे का?

गारगोटी :
बोलीत म्हणा, लेबलवर नको. युरोपात खडूच्या खडकात मिळतो तो चकमकीचा दगड आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात नाही. इथे लाव्हाच्या पोकळ्यांत साठलेले कॅल्सेडनी, अकीक, जास्पर, हे गारेच्याच जातीचे दगड. मधाच्या रंगाचा म्हणताय, म्हणजे बहुतेक कॅल्सेडनी. मोठ्या हातकुऱ्हाडी मात्र डोलेराइटसारख्या काळ्या दगडाच्या.

शब्दखोर :
'चकमक' तुर्की आहे. आग पाडायची गार ती चकमक, आणि दोन तुकड्या एकमेकींवर घासून ठिणग्या उडाल्या की तीही चकमक. पुढे बंदुकीतही दोन घराणी झाली : जळत्या दोरीने बार उडवायची ती तोड्याची, गारेच्या ठिणगीने उडवायची ती गारेची.

कुकडीकाठ :
माझी एक जुनी तक्रार. फुटलेल्या तुकड्याला पुस्तकांत 'छिलका' का? छिलका केळ्याचा, शेंगदाण्याचा. दगडाची उडते ती कपची. पाथरवटाच्या अंगणात जाऊन छिलका म्हणून बघा.

गारगोटी :
तक्रार मान्य, पण अर्धी. कपची म्हणजे काम करताना उडालेला कचरा. इथे तर कपचीच हवी असते आणि फेकला जातो तो उरलेला दगड, ज्याला पुस्तकात 'गाभा' म्हणतात. गाभा म्हणजे आतले, मोलाचे, असे आपण समजतो, इथे नेमके उलटे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) लोकांनी एकेका कॅल्सेडनीच्या गाभ्यावरून सारख्या मापाची लांब पाती काढली. रुंदीच्या किमान दुप्पट लांबी असेल तर 'पाते', नाहीतर छिलका. किंवा तुमची कपची, माझी हरकत नाही.

आणि 'फरशी' हा शब्द सांभाळून. रुंद, सरळ धारेच्या दगडी कुऱ्हाडीला फरशी म्हणतात, ती परशूची लेक. घरातली फरशी वेगळी, ती मूळ अरबी 'फर्श'. एका गावात 'नदीत फरश्या सापडतात का' विचारल्यावर मला थेट बांधकामाच्या साइटवर नेऊन उभे केले होते.

बाजारफिरस्ता :
पंचवीस वर्षे जुने बाजार पालथे घालतोय. सर्वांत महाग पडणारा शब्द 'शिवकालीन'. तो विकणाऱ्याचा शब्द आहे. तलवारीच्या पात्यावर परदेशी कारखान्याचा छाप आणि मूठ इथली असेल तर 'फिरंग' म्हणा. लांब आणि सरळ पाते दिसले की लगेच 'धोप' (सरळ पात्याची मराठा तलवार) म्हणून मोकळे होऊ नका, मूठही बघा.

सोन्याच्या नक्षीला 'कोफ्तगिरी' म्हणतात. फारसी कोफ्तन म्हणजे कुटणे, जेवणातला कोफ्ताही तिथलाच. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या चरा पाडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. भिंगाखाली, सोने झिजलेल्या जागी, त्या चरा दिसल्या पाहिजेत. नुसता रंग लावलेल्या मालात खाली सपाट पोलाद असते. मी एकदा याच्यात चांगला फसलोय, रक्कम सांगत नाही.

आणि 'जिरेटोप'! त्याचा जिऱ्याशी संबंध नाही. फारसी 'झिरिह' म्हणजे कड्यांचे जाळीदार चिलखत. आज आपण तो शब्द कापडी टोपालाही लावतो ते वेगळे.

लोहारआळी :
कायद्याचेही एक लिहितो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. दगड आता ओळखीसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजला दाखवा. पुन्हा कुठे काही दिसले तर मात्र उचलू नका, जागेचा फोटो काढा. घळीतून उपटलेल्या दगडाचा थर हरवतो, आणि थर गेला की तो नुसता दगड.

प्रवराकाठ :
सगळ्यांचे आभार. आजोबांनी तर उचललेच होते, पण चिठ्ठीच्या मागे 'पुलाच्या वरच्या अंगाला, पिवळ्या वाळूच्या खाली' एवढे लिहिलेले आज दिसले. लेबले अशी करतोय : 'बिचवा, पूर्ण लोखंडी', 'हातकुऱ्हाड, काळा दगड', 'कॅल्सेडनीची कपची' (कुकडीकाठांसाठी). आजोबांचे 'हत्यार' खोडत नाही.

आई अजून पेटी उपसतेय. तिच्या मते दुसरा नग कुठेतरी असलाच पाहिजे.