लिनक्स नवशिक्यांसाठी नाही? मग त्यांना शिकवायचं तरी काय?

कर्वेनगरकर

परवा पेठेतला_हिशेबनीस यांनी लिहिलं की साठीच्या माणसाला किंवा सहावीतल्या पोराला लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट, मुक्त प्रणाली) बसवणं म्हणजे पोहता येत नसलेल्याला पूर आलेल्या मुठेत ढकलणं. वर असंही की मुक्त प्रणालीचा प्रचार करणाऱ्यांना नवशिक्यांची काळजी नसते, स्वतःची हौस भागवायची असते. दोन दिवस दुर्लक्ष केलं, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार वर्षं झाली, दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मी कॉम्प्युटरचा वर्ग घेतो. पैसे घेत नाही. पाच डेस्कटॉप आहेत, एका ऑफिसने भंगारात काढलेले, चार जीबी रॅमचे, २०१४च्या आसपासचे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि इतके जुने प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. विंडोज १०चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे हिशेबनीसांच्या हिशेबाने ही यंत्रं भंगारात आणि माझे दहा-बारा विद्यार्थी घरी. त्या पाचही यंत्रांवर मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आहे आणि पाचही व्यवस्थित चालतात.

पण माझा मुद्दा पैशांचा नाही. आमच्याकडे एक काकू आल्या. रीतसर कोर्स केलेला, प्रमाणपत्रावर नव्वदच्या वर टक्के. सोसायटीच्या पाण्याबद्दल महापालिकेला द्यायचं पत्र त्यांनी घरी विंडोजवर टाइप केलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. तिथे उघडेना. घरी येऊन बघतात तर त्याच पेनड्राइव्हवरून पत्र उघडतंय! पुन्हा दुकानात गेल्या, पुन्हा उघडेना. दुकानदार वैतागला, काकू रडकुंडीला आल्या. रविवारी मी पेनड्राइव्ह पाहिला तर फाइल जेमतेम दोन केबीची. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उचलून टाकला होता. मूळ पत्र घरच्या मशीनवरच होतं, म्हणून तिथे उघडत होतं. 'फाइल कुठे आहे' असं विचारलं तर उत्तर आलं, 'वर्डमध्ये'.

फाइल वेगळी, ती उघडणारा प्रोग्राम वेगळा आणि तिच्याकडे बोट दाखवणारं चित्र वेगळं, हे त्या कोर्समध्ये कुणी सांगितलंच नाही. कुठल्या मेनूत कितवं बटण, एवढं पाठ करून घेतलं. नवी आवृत्ती आली, बटण हललं की शिकलेलं सगळं पाण्यात. माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी विचारतात, 'सर, सी ड्राइव्ह कुठंय?' मग सांगतो की ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती, म्हणून हार्ड डिस्कला सी आलं. ते एक नाव आहे, बाकी काही नाही. इथे लिनक्सवर सगळं एकाच मुळापासून फुटतं, पेनड्राइव्हसुद्धा त्याच झाडाची एक फांदी. हे ज्याला कळलं त्याला कुठल्याही मशीनसमोर बसवा, तो पाच मिनिटांत आपली फाइल शोधतो. बुडवतोय कोण, ते आता सांगा.

पेठेतला_हिशेबनीस

माझ्यावर अख्खा लेख आला, बरं झालं. आता माझंही ऐका.

नारायण पेठेत कर सल्लागाराचं ऑफिस आहे, बावीस वर्षं. माझ्याकडे कामाला येणारी पोरं सिंहगड रोड, धायरी, खेड शिवापूरहून येतात. घरची परिस्थिती बेताची. त्यांना पहिल्या महिन्यापासून पगार हवा असतो. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, विंडोजवर बसवावं लागतं. अशिलांकडून एक्सेलच्या शीट येतात, आत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतात, लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिसमध्ये उघडल्या की निम्म्या चालत नाहीत. जुलैत रिटर्नची घाई असताना 'मूळ संकल्पना समजून घे' म्हणत बसू का मी?

आणि पेनड्राइव्हचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. माझ्या भाच्याने इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर कॉपी केला. हिरवी पट्टी पूर्ण भरली. काढला, बाइंडिंगवाल्याकडे धावला. फाइल खराब. जमा करायचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे पाच. पोराचा चेहरा मी पाहिलाय. संकल्पनेने त्याला वाचवलं नाही.

टर्मिनलवाला

पट्टी भरली म्हणजे पेनड्राइव्हवर लिहून झालं असं नसतं. माल आधी रॅममध्ये जातो, तिथून सवडीने पेनड्राइव्हवर उतरतो. म्हणून 'इजेक्ट' दाबायचं आणि काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबायचं. भाच्याने ओढून काढला, यात लिनक्सचा काय दोष? वाचायचंच नाही ठरवलं तर इलाज नाही.

नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरांपैकी प्रत्येकावर लिनक्स आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेलं काम तुम्ही रोज खिशात घेऊन फिरता आणि इथे येऊन त्याला मुठेचा पूर म्हणता. अज्ञानाची हद्द आहे.

औंधची_आई

टर्मिनलवाला, तुमच्यासारख्यांमुळेच लोक लांब पळतात, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आमच्याकडे मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर मिस्टरांनी हौसेने लिनक्स टाकलं. वायफाय चालेना. तीन संध्याकाळी गेल्या. एका ग्रुपवर विचारलं तर पहिलं उत्तर 'आधी मॅन पेज वाचा' (म्हणजे आज्ञांची माहितीपुस्तिका), दुसरं 'कुठला चिपसेट ते न सांगता प्रश्न विचारता कशाला'. चिपसेट म्हणजे काय हे माहीत असतं तर विचारलं असतं का? चौथ्या दिवशी मुलीची ऑनलाइन परीक्षा, शाळेचं परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं. रात्री साडेदहाला शेजाऱ्यांकडे लॅपटॉप मागायला गेले. नववीतली मुलगी मला म्हणाली, 'आई, आपलं सगळ्यांसारखं का नाही?' सुपरकॉम्प्युटर काय चालवतात त्याच्याशी मला काय करायचंय?

कर्वेनगरकर

ताई, वायफायचं अगदी खरं आहे. मीही एका लॅपटॉपपुढे हात टेकलेत. म्हणून आता लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघतो. वायफाय, आवाज, प्रिंटर चालले तरच डिस्कवर बसवतो. हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं आणि तुम्हाला मिळालेली उत्तरं लाज वाटावी अशी होती.

हिशेबनीस, पेनड्राइव्हबाबत तुमचं अर्धं मान्य. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून पेनड्राइव्ह चटकन काढता यावा हीच मूळ सेटिंग आहे, लिनक्सवर सहसा तसं नसतं. पट्टी भरल्याचं दाखवायचं आणि लिहून झालेलं नसायचं, हा खोटेपणाच आहे आणि तो सुधारायलाच हवा. दोष भाच्याचा नाही.

मराठीची_बाई

या सगळ्यात मराठीचं कुणी बोलणार आहे का? तीस वर्षं मुद्रितशोधन करतेय. कॉम्प्युटर शिकवणारा एकही माणूस मला भेटला नाही ज्याने पहिल्या आठवड्यात मराठी टाइप करायला शिकवलं. आमच्याकडे प्रणाली कुठलीही असो, कीबोर्ड इंग्रजीच.

मला लोक जुन्या फाँटातल्या फाइली पाठवतात. त्यांच्या पडद्यावर मराठी, माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कारण फाइलमध्ये मराठी नसतंच, रोमन अक्षरांचे आकडे असतात, फाँट त्यांना फक्त मराठी कपडे चढवतो. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, तुमच्या लिनक्सच्याच वर्षाची! तरी आजही पुण्यात पुस्तकं जुन्या फाँटात लागतात.

टर्मिनलवाला

बाई, लिनक्सवर हा प्रश्नच नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीने लोहित फाँट २००४मध्येच खुले केले. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी, सेटिंगमध्ये तयार असतो, नुसता निवडायचा.

पेठेतला_हिशेबनीस

इनस्क्रिप्ट कोण वापरतं? टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्यांची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसलेली असतात. माझ्या ऑफिसातल्या मावशी मिनिटाला चाळीस शब्द बडवतात. त्यांना म्हणू का की आता क दुसरीकडे आहे?

औंधची_आई

आमची मुलगी फोनवर रोमनमध्ये लिहिते आणि मराठी उमटतं. तिला हे दोन्ही नकोत.

मराठीची_बाई

आणि म्हणूनच तिला 'दुसऱ्या' लिहिता येणार नाही! रागावू नका ताई, पण हे माझ्या जिव्हारी लागलेलं आहे. रोमनमधून लिहिणाऱ्या मुलांना ऋ आणि रु, ष आणि श यातला फरक बोटांतून कळतच नाही. समोर येईल तो शब्द निवडतात.

'दुसऱ्या'मधला अर्धा र घ्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य. दुसरी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही 'ऱ्या' सारखेच. गेल्या वर्षी तीनशे पानांच्या हस्तलिखितात मी 'दुसऱ्या' शोधलं. लेखकाने काही प्रकरणं फोनवर लिहिली होती, काही लॅपटॉपवर. शोध निम्म्याच जागा दाखवत होता. चार दिवस मला वाटलं डोळे गेले. ज्या चुका मी दुरुस्त केल्या म्हणून सांगितलं, त्या निम्म्या तशाच छापल्या गेल्या असत्या.

सिंहगड_रोडचा_दुरुस्तीवाला

बाईंचं ऐकून राहवलं नाही. अठरा वर्षं दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज एक्सपीच्या काळात मराठीसाठी सीडी घालून वेगळा पर्याय टिक करावा लागायचा, नाहीतर 'कि'ची वेलांटी क च्या पुढे जाऊन बसायची. लोक म्हणायचे, फाँट बिघडला. मीही तेच म्हणायचो आणि दुसरा फाँट टाकून द्यायचो. चोरीचाच.

खरं सांगायचं तर विंडोजही बहुतेक वेळा चोरीचंच टाकलं. गिऱ्हाईक म्हणायचं, दादा, तीनशेत करून द्या. अपडेट बंद करायचे, अँटिव्हायरसला गप्प करायचं. मग सहा महिन्यांनी तेच मशीन व्हायरस घेऊन परत. एका शिक्षकाचे मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो असेच कुलूपबंद झाले, सोडवायला पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर. ते माझ्यासमोर खुर्चीवर बसून राहिले, काही बोलले नाहीत. त्यानंतर बंद केलं. आता विचारतो, नुसतं ब्राउझर, पत्रं आणि पिक्चर बघणं असेल तर मिंट टाकू का? बरेच जण हो म्हणतात. टॅलीवाल्याला मीच म्हणतो, विकतचं विंडोज घ्या.

पेठेतला_हिशेबनीस

दुरुस्तीवाले, हे उघडपणे लिहिलंत, त्याला मान देतो.

आज ऑफिसात तिघांना पेनड्राइव्ह देऊन म्हटलं, डेस्कटॉपवरचं अमुक बॅलन्स शीट यावर द्या. मुद्दाम शॉर्टकट ठेवला होता. दोघांनी शॉर्टकट दिला. एकाचा पाच वर्षांचा अनुभव आहे. कर्वेनगरकर, तुमच्या काकूंची गोष्ट मला बनावट वाटली होती, तो संशय मागे घेतो. ही गोष्ट शिकवायला हवी. पण ती विंडोजवरही शिकवता येते, त्यासाठी लिनक्सच हवं असं तुम्ही अजून सिद्ध केलेलं नाही.

कर्वेनगरकर

येते की. शिकवत नाहीत, ही माझी तक्रार आहे. केरळातल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवर शिकवतात. मी मिंट वापरतो कारण वर्गातल्या प्रत्येकाला तीच प्रणाली घरी फुकट नेता येते, कायद्याने नेता येते, आणि बिघडवली तर अर्ध्या तासात पुन्हा टाकता येते. मोडण्याची भीती गेली की माणूस हात लावतो. माझ्या वर्गातल्या पासष्टीच्या काकांनी मुद्दाम सगळं पुसून पाहिलं आणि स्वतः परत बसवलं. तो आनंद मी विकतच्या मशीनवर देऊ शकत नाही. शेवटचे दोन महिने मी विंडोजवरही बसवतो, माझ्या लॅपटॉपवर, एकेकाला. ते आधी लिहायला हवं होतं.

औंधची_आई

शाळेचं सॉफ्टवेअर बदलेपर्यंत मी तरी लिनक्स टाकणार नाही. पण तो शॉर्टकटचा प्रयोग मुलीवर करून पाहिला. तिलाही आलं नाही. मलाही आलं नाही.

टर्मिनलवाला

ताई, तुमचा वायफायचा चिपसेट कुठला ते बघायची सोपी रीत व्यक्तिगत निरोपात पाठवलीय. परवा तोडून बोललो, चुकलं.

मराठीची_बाई

कर्वेनगरकर, वर्ग किती वाजता? आणि इनस्क्रिप्ट शिकवता की नाही, आधी ते सांगा.

कर्वेनगरकर

साडेनऊला. आतापर्यंत शिकवत नव्हतो. तुम्ही येऊन शिकवा, मी मागच्या बाकावर बसतो. आणि ती तीनशे पानांची फाइल घेऊन या. शॉर्टकट नको, फाइल.