अनुभव धागा: परिस्थितीचं किती आणि आपलं किती?

नवीपेठकर
आमच्या घरात एक वाक्य रोज ऐकू यायचं: "गिरणी बंद पडली नसती तर..." वडील गिरणीत होते. त्यांच्या तोंडी ते वाक्य खरंच होतं. एकेका गिरणीचा भोंगा थांबत गेला तशी सोलापुरातली हजारो घरं बसली. पण पुढे मीही तेच वाक्य वापरायला लागलो, फक्त गिरणीच्या जागी दुसरं काहीतरी घालून.

माझं मोबाईलच्या सुट्या सामानाचं दुकान २०१९ मध्ये बंद पडलं. तीन वर्षं सगळ्यांना सांगितलं, ऑनलाइनवाल्यांनी बुडवलं. मग एका दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उधारीची वही खाली आली. जमिनीवर बसून बेरीज केली. ६३ नावं, १ लाख ८४ हजार रुपये. भिडेपोटी एकाकडेही कधी तगादा लावला नव्हता. ऑनलाइनचा फटका बसला हे खोटं नाही, पण वहीतलं अक्षर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळीवेशीतल्या एका टेलरकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, तू कधी विचारलंच नाहीस की!" ड्रॉवर उघडून त्यांनी नऊशे रुपये मोजून दिले. एकूण ४१ हजार आले, बाकीचे गेले. पण त्या दिवसानंतर "नशीबच तसलं" हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

परिस्थितीचं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, ही रेघ तुम्हाला कधी, कुठे दिसली? मनापासून लिहा. नाव नको असेल तर निनावी लिहा.

पूर्वभागची लेक
दादा, वहीचं वाचून अंगावर काटा आला. माझी आई बिड्या वळते. हजार बिड्यांवर मजुरी, आणि त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला निघतात. ती सूप मांडीवर घेऊन बसली की पाणी भरणं माझ्याकडे. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, कधी पहाटे तर कधी रात्री अकराला. बँकेच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा "पाण्यामुळे अभ्यास होत नाही" असंच सांगितलं. सगळ्यांना पटायचंही.

तिसऱ्या वेळी कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसांना निळी फुली मारायला लागले. महिन्यात सहा-सात फुल्या. उरलेले तेवीस-चोवीस दिवस कोरे. त्या कोऱ्या दिवसांकडे बघून मी खूप रडले. नंतर फुलीच्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही, असं ठरवून टाकलं. बाकीच्या दिवशी पहाटे चारला उठायचं. पूर्व परीक्षा पास झाले आहे, मुख्य बाकी आहे.

कांडीवाला
मी यंत्रमागावर होतो. खोटं कशाला सांगू, दारू प्यायचो. मालक उचल देतो म्हणून पितो, रात्रपाळी असते म्हणून पितो, बायको बोलते म्हणून पितो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला मेहुण्याने ओढत नेलं. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केलेलं हे काम आहे. त्यातल्या बारा पायऱ्यांपैकी आठवी अशी की, आपण ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची. आपल्याला कुणी दुखावलं, ती यादी नाही.

मी पेन घेऊन बसलो तर मालकाचं नाव कुठंच येईना. पहिलं नाव आईचं आलं. तिच्या कानातली फुलं मी विकली होती. तिनं शेजारणीला सांगितलं होतं, जत्रेत हरवली म्हणून. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गर्दीत हरवली, असं.

सहा वर्षं झाली. फुलं करून दिली, हलकी आहेत. ती घालत नाही, डब्यात ठेवते. चालतंय.

निनावी
इथे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. नवरा मारायचा. जो तो म्हणायचा, "तू उलट बोलत असशील, जबाबदारी दोघांची असते." मी ते खरं मानलं. मारण्याचीही जबाबदारी स्वतःवर घेतली आणि सात वर्षं स्वतःला सुधारत राहिले.

त्याचा हात उठणं माझ्याकडे कधीच नव्हतं. माझ्याकडे एवढंच होतं की मुलीचं दप्तर आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन एस.टी. स्टँड गाठायचा. तेवढं केलं. माहेरी नाही गेले, भाड्याची खोली घेतली. कृपा करून 'जबाबदारी घ्या' हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला सांगू नका.

नवीपेठकर
ताई, हात जोडतो. विषय मांडताना हे मी सांगायलाच हवं होतं. तुमचं वाचल्यावर मला माझ्या वडिलांचंही वेगळ्या तऱ्हेने आठवलं. गिरणी बंद होणं हे त्यांचं पाप नव्हतंच.

सांगोलेकर
आमच्या डाळिंबाला तेल्या आला. दोन वर्षं शेजारच्या बागेला शिव्या दिल्या, पावसाला दिल्या. पाऊस आणि वारा यांनी तो पसरतो हे खरंच आहे, जिवाणूजन्य रोग आहे. नंतर केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात गेलो. तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, "छाटणीची कात्री कशात बुडवता?"

कशातच नाही. एकच कात्री पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत. डागाळलेली फळं तोडून बांधावरच टाकलेली. म्हणजे शेजाऱ्याकडून आला असेल-नसेल, माझ्या बागेत तो मीच झाडोझाडी वाटत फिरलो. आता कात्री दर झाडाला सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यातून काढतो, डागाळलेलं सगळं गोळा करून जाळतो. तेल्या संपला नाही. कमी आहे.

पूर्वभागची लेक
निनावी ताई, अजून एक राहिलंच. माझ्या पिन्नीला, म्हणजे मावशीला, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं. बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत ती. पिन्नीने एकटीने कितीही बिड्या वळल्या असत्या तरी तिचं घर झालं नसतं. सगळ्या मिळून मोर्चाला गेल्या, वर्षानुवर्षं. पावत्या, कार्डं, पासबुकं तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली, तो तिचा वाटा. काही गोष्टी अशा दहा हजार वाट्यांनी होतात.

आज निळी फुली आहे. नळाला सूंऽऽ आवाज यायला लागलाय. जाते.