ऊसतोड मजुरांच्या लैंगिक आरोग्याचा अभ्यास: आराखड्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

अथणीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी बेळगावात सार्वजनिक आरोग्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अथणी, चिकोडी आणि निपाणी भागांत गाळप हंगामासाठी येणाऱ्या ऊसतोड मजुरांचे स्थलांतर आणि त्यांचे लैंगिक आरोग्य यांचा संबंध हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. बीडकडील मराठी टोळ्या आणि विजयपूरकडील लमाण तांड्यांवरची माणसे, दोन्ही घेण्याचा विचार आहे. मुकादमाची परवानगी घेऊन पालांवर जायचे, स्त्री-पुरुषांना एकाच प्रश्नावलीतून जोडीदारांची संख्या, निरोधचा वापर आणि लैंगिक संसर्गाची लक्षणे विचारायची, आणि जमल्यास एचआयव्हीची तपासणीही करायची, असे ठरवले आहे. यल्लम्माचे सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे देवदासी स्त्रियांचाही समावेश करावा, असे एका ज्येष्ठांनी सुचवले. आराखडा नैतिकता समितीपुढे ठेवण्याआधी जाणकारांनी त्यातील उणिवा दाखवाव्यात, ही विनंती.

निपाणीचा समुपदेशक

ताई, आधी मूळ गृहीतकाबद्दल लिहितो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना 'सेतू लोकसंख्या' मानतात. घर सोडून एकटा राहणारा पुरुष बाहेरचा संसर्ग गावी आणू शकतो, असा त्यामागचा विचार आहे. गोव्याला किंवा पुण्याला एकट्याने जाणाऱ्या आपल्या खानापूरच्या तरुणाला तो काही अंशी लागू पडेल. ऊसतोडीत मात्र कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते आणि लेकरेही बरोबरच असतात. त्यामुळे जोडीदार किती, या प्रश्नाला बहुतेक पालांवर एकच उत्तर मिळेल आणि त्यावरून तुम्हाला काहीही कळणार नाही.

पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या; आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पुरेसे पाणी नाही, आणि खाडा झाला तर मुकादम दंड कापतो म्हणून दवाखाना पुढे ढकलायचा. यात बाईला एकटी गाठून होणारा छळही आला, ज्याबद्दल ती तक्रार करू शकत नाही, कारण ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याकडूनच तिच्या नवऱ्याने उचल घेतलेली असते. हे सारे लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचेच प्रश्न आहेत, पण तुमच्या प्रश्नावलीत त्यांना जागा नाही. बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रिया तिकडे होते. पण ज्या पांढऱ्या पाण्याला आणि ओटीपोटाच्या दुखण्याला कंटाळून बाई तयार होते, ते दुखणे ती हंगामभर आपल्याकडच्या फडांत अंगावर काढत असते, आणि या बाजूची नोंद कोणी ठेवत नाही. प्रबंधासाठी मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

लक्षणांबाबत विशेष सावध राहा. स्त्रियांमध्ये क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे संसर्ग पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता राहतात. उलट, अंगावरून पांढरे जाण्याचे कारण अनेकदा लैंगिक संसर्ग नसतेच. योनीतील जिवाणूंचा समतोल बिघडणे किंवा बुरशी हे असते. सरकारी दवाखान्यांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक संसर्गावरील उपचार केंद्रात, लक्षणांवरून ठरलेल्या रंगीत पाकिटांतली औषधे देतात. रुग्ण हातची जाऊ नये म्हणून उपचाराला ही पद्धत ठीक आहे, पण प्रमाण मोजायला ती चालत नाही. 'पांढरे जाते' म्हणणारी प्रत्येक बाई लैंगिक संसर्गाच्या रकान्यात घातलीत, तर आकडा फुगेल आणि आधीच ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते त्या बायकांवर प्रबंधाचा शिक्काही बसेल.

एक समिती सदस्य

मी एका संस्थेच्या नैतिकता समितीवर काम करतो. मुकादमाकडून मिळतो तो पालावर जाण्याचा रस्ता. ती मजुराची संमती नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थलांतरितांचा उल्लेख असुरक्षित गटांत आहे, आणि उचलीच्या कर्जात अडकलेला माणूस तर मुकादमासमोर 'नाही' म्हणूच शकत नाही. प्रत्येकाची संमती स्वतंत्र, नवऱ्याची आणि बायकोची वेगवेगळी, मुकादमाच्या नजरेआड घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्यासाठी लागणारा निःपक्षपाती साक्षीदार टोळीतला नसावा.

वयाचा मुद्दा तुमच्या पत्रात आलेला नाही, आणि तो टाळता येणार नाही. टोळ्यांमध्ये कमी वयात लग्न झालेल्या मुली असतात. अठरा वर्षांखालील मुलीने शरीरसंबंधाविषयी सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याच्या कलम १९ नुसार ती माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक ठरते, मग तुम्ही दिलेल्या गोपनीयतेच्या हमीला अर्थ उरत नाही. तेव्हा अभ्यास अठरा वर्षांवरील व्यक्तींपुरता ठेवा आणि वयाची खात्री कशी करणार ते आराखड्यात स्पष्ट लिहा. आधारकार्डावरचे वय आणि खरे वय यांत फरक असू शकतो, हेही गृहीत धरा.

नाजूक प्रश्नांसाठी पोलिंग बूथ पद्धतीचा विचार करावा. कर्नाटकात एचआयव्ही कार्यक्रमाच्या मूल्यमापनात ती वापरली गेली आहे. प्रत्येक जण पडद्याआड बसतो, प्रश्न सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला जातो, आणि हो किंवा नाही याची चिठ्ठी ठरलेल्या पेटीत पडते. कोणी काय उत्तर दिले ते संशोधकालाही कळत नाही. गटाचे प्रमाण तेवढे हाती येते, एका व्यक्तीची उत्तरे परस्परांशी जोडता येत नाहीत. तुमच्या विषयाला तेवढे पुरेसे आहे.

गोकाकची कार्यकर्ती

देवदासी स्त्रियांना या अभ्यासात ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या स्थलांतराची वाट वेगळी आहे: सांगली, पुणे, मुंबई, एके काळी गोव्यातले बायणा. त्यामागे जात आहे, यल्लम्माला मुलगी सोडण्याची रूढी आहे, आणि १९८२ च्या कर्नाटकाच्या कायद्यानंतर चोरून होऊ लागलेले विधी आहेत. कोयत्याच्या जोडीशी त्याचा संबंध जोडला, तर दोन्हींचे चित्र बिघडेल. शिवाय सरकारी सर्वेक्षणे १९९३-९४ आणि २००७-०८ मध्ये झाली, एचआयव्ही प्रकल्पांच्या काळात तर प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची रीघच लागली होती. पेन्शन आणि घर यांचे काय झाले, असे त्या आता आल्यागेल्याला विचारतात. ज्येष्ठांनी केवळ नकाशावर जवळ दिसले म्हणून सुचवले असावे.

अथणीची विद्यार्थिनी

सर्वांची आभारी आहे. देवदासी स्त्रियांचा भाग वगळते, प्रश्नावली स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी करते, आणि हंगामातील दुखणे, खाडा व उपचार यांवर भर देते. एक शंका उरते. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परत जातात. तपासणी केली आणि कोणाचा अहवाल एचआयव्ही पॉझिटिव्ह आला, तर पुढे काय करावे?

निपाणीचा समुपदेशक

स्वतंत्र तपासणी करूच नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार पूर्वमाहितीवर आधारित संमतीशिवाय आणि तपासणीआधी-नंतरच्या समुपदेशनाशिवाय चाचणी करता येत नाही, आणि पालावर ते नीट होणे कठीण आहे. इच्छुकांना जवळच्या सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रावर पाठवा. तेथे सेवा मोफत आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधे, २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. अडचण येते ती हद्द ओलांडताना, कारण दोन राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्था वेगळ्या आहेत. म्हणून उपचार सुरू झालेल्या माणसाने परत निघण्यापूर्वी केंद्राकडून बदलीचे पत्र मागून घ्यावे आणि शक्य असल्यास एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या बरोबर न्याव्यात. केंद्रावर पाठवताना द्यायची चिठ्ठी मराठीत व कन्नडमध्ये छापा, तिच्यावर १०९७ हा मोफत मदत क्रमांक ठळक द्या आणि आजाराचे नाव कोठेही येऊ देऊ नका, कारण ती चिठ्ठी मुकादमाच्या हातात पडू शकते. केंद्रांशी हे बोलणे ऑक्टोबरच्या आत उरकून घ्या. टोळ्या उतरल्यावर सवड मिळत नाही.