काठमांडूहून परतताना भर पावसात फेवा तलावाकडे वळावे का?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. श्रावणात पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी आम्ही दोघे मित्र मोटरसायकलने काठमांडूला जाणार आहोत. गोरखपूरपर्यंत गाड्या रेल्वेच्या पार्सलने पाठवून पुढे सुनौलीमार्गे नेपाळात शिरायचे ठरले आहे. परतताना मुगलिंगहून वाट वाकडी करून पोखऱ्याचा फेवा तलाव पाहावा आणि तिथून सिद्धार्थ महामार्गाने बुटवलला उतरावे, असा माझा आग्रह आहे. मित्र मात्र पावसात नसती उठाठेव नको म्हणतो. चोर्ला आणि आंबोली घाटांत आम्ही दर पावसाळ्यात गाडी चालवतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निपाणीचा स्वार:
पावसाच्या प्रमाणाची धास्ती तुम्हाला नसावी, कारण आंबोलीत वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस होतो आणि पोखऱ्यात त्याहून बराच कमी. प्रश्न डोंगराचा आहे. आपला सह्याद्री जुन्या, घट्ट बेसाल्टचा. हिमालयाचे हे उतार मात्र वयाने कोवळे व भेगाळलेले असल्याने रात्रभर मुरलेले पाणी ऊन पडल्यावरही दरड खाली आणते. तरीही मित्राला एक गोष्ट सांगा : सरळ वाटही निर्धोक नाही. मुगलिंग ते नारायणगढ याच रस्त्यावर सिमलताल येथे 12 जुलै 2024 रोजी दरडीने दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत लोटल्या. त्यामुळे केवळ भीतीपोटी पोखरा टाळण्यात मला अर्थ दिसत नाही. सिद्धार्थ महामार्गावर बुटवलच्या अलीकडचा सिद्धबाबा परिसर तेवढा जपून ओलांडा. तिथे कड्यावरून सुटे दगड येतात आणि बोगद्याचे काम हाती घेतले गेले तेही त्याचमुळे. फोटोसाठी तिथे गाडी मुळीच थांबवू नका.

टिळकवाडीकर:
रस्त्याचे ठीक, पण पाहायला काय मिळणार हेही विचारात घ्यावे. फेव्याच्या पाण्यात 6993 मीटर उंचीच्या माछापुछ्रेचे प्रतिबिंब पडलेली छायाचित्रे आपण पाहतो, ती बहुतेक ऑक्टोबरनंतरची असतात. श्रावणात शिखर दिवसचे दिवस ढगांत असते, आणि पश्चिमेकडे हर्पन खोला (हा ओढा) जिथे तलावाला मिळतो तिथले पाणी गाळाने चहासारखे तांबूस होते, काठाला जलपर्णीही साचते. मात्र या भागात पावसाचा जोर बराचसा रात्री असतो, म्हणून पहाटे ढग फाटून दर्शन घडण्याची थोडी आशा राहते. बेटावरच्या ताल बाराही मंदिराला लाकडी नावेने जाता येते. (लाइफ जॅकेट घालावेच लागते, पट्टे ओले असले तरी!) माझे मत असे, की एक दिवस राखून ठेवता येत असेल तरच वळा, त्याच दिवशी सुनौली गाठायची घाई असेल, तर मित्राचे ऐका.

खानापूरकर:
आभारी आहे. दिवस वाढवता येईल. माझी गाडी वडिलांच्या नावावर आहे, सीमेवर अडचण येईल का?

निपाणीचा स्वार:
मूळ आरसी, वाहन परवाना आणि वडिलांचे सहीचे संमतिपत्र जवळ ठेवा. स्वतःसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल. सीमेवर भन्सार, म्हणजे गाडीचे शुल्क, दिवसांच्या हिशेबाने आकारतात आणि मुदत उलटल्यास दंड होतो. तेव्हा दरडीमुळे रस्ता बंद पडण्याची शक्यता धरून पावती दोन दिवस जास्तीचीच करून घ्या.