सातपुडा ते गौताळा: जंगलातली, तळ्याकाठची वाट तुम्ही कशी निवडता? (अनुभव धागा)

मेहरूणकर (जळगाव)

मागच्या रविवारी आमचा पार पोपट झाला म्हणून हा धागा काढतोय. आम्ही अकरा जण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलो होतो, त्यात माझी आत्या वय ६८, दोन पोरं आठ-नऊ वर्षांची, तीन कॉलेजची आणि बाकी आमच्यासारखे पोट सुटलेले. दर्शन झालं आणि आता कुठं जायचं यावर मंदिराच्या पायरीवरच अर्धा तास वाद. केदारकुंड, धवलतीर्थ, का नुसतं ते जुनं हेमाडपंती महादेवाचं देऊळ बघून डबे उघडायचे. कॉलेजवाल्यांनी रील दाखवली, पांढरंशुभ्र पाणी पडतंय, झालं, सगळे केदारकुंडाला तयार. आता रीलमध्ये शेवटचं पाणी दिसतं हो, वाट कोण दाखवतं? वाट ओढ्यातल्या दगडांवरून, पावसाने शेवाळ धरलेलं, आत्या निम्म्यात एका दगडावर बसली, तिच्याजवळ काकू बसली, एका पोराची चप्पल वाहून गेली म्हणून त्याचा बाप थांबला, असं करत करत धबधब्याला पोचले फक्त तिघं. परत येताना आत्या म्हणे, "मला दगडावर बसवायलाच आणलं होतं का रे? दगड आपल्या गच्चीवरबी होता."

तर सांगा, तुम्ही वाट कशावरून ठरवता, आणि कधी चुकली का. आपल्या खान्देशात राष्ट्रीय उद्यान एकही नाही हे माहितीये, पण यावल, गौताळा, अनेर ही अभयारण्यं आहेत, तोरणमाळ आहे. बाहेरच्या जंगलाचा अनुभव असेल तर तोही चालेल.

यशवंततळं (शहादा)

तोरणमाळला पाहुणे आले की मीच घेऊन जातो, दरवर्षी तीन-चार खेपा होतातच. माझं सरळ गणित आहे. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर यशवंत तलावाचा काठ धरायचा, कमळ तलाव बघायचा, गोरखनाथाचं दर्शन, संध्याकाळी खडकी पॉइंट, संपलं. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची आहे पण वर पोचल्यावर बऱ्यापैकी सपाट, चढाचं काम सातपायरी घाटात गाडीनेच करून टाकलेलं असतं.

चूक केली ती २०१९ च्या हिवाळ्यात. मित्र म्हणे तलाव काय, तलाव मेहरूणलाबी आहे, आपण दरीत उतरू. खालच्या पाड्यावरचा एक पोरगा भेटला, त्याला विचारलं किती लांब, तो म्हणे "जवळच आहे". आता त्याचं जवळ म्हणजे डोक्यावर पोतं घेऊन बाजाराला चढून येणाऱ्या माणसाचं जवळ, हे आमच्या डोक्यात आलं नाही. उतरायला सव्वा तास लागला, मजेत, गाणी म्हणत. आणि मग कळलं की इथून गाडी नाही, आलो तसंच वर जायचंय. डोंगरावर चढताना दम लागला तर माणूस अर्ध्यातून मागे फिरतो. दरीत तसं होत नाही, दमल्यावर चढ सुरू होतो. वर यायला साडेतीन तास, शेवटचा अर्धा तास मोबाईलच्या उजेडात, रेंज तर नव्हतीच, आणि तिथं डिसेंबरात सूर्य गेला की थंडी अशी पडते की घामाने भिजलेला शर्ट बर्फासारखा लागतो. तेव्हापासून मी किती लांब विचारतच नाही. "तुमची आजी चालत येती का इथून, आणि तिला किती वेळ लागतो?" असं विचारतो. बरोबर उत्तर मिळतं.

केळीबाग (रावेर)

आजीचा प्रश्न लय भारी भो. मी वापरणार.

आमचं पाल गाव म्हणजे घरचंच. सुकी नदी, धरण, मागे यावल अभयारण्य. पण एक सांगतो, नाल्यातली वाट जुलै-ऑगस्टात घ्यायची नाही म्हणजे नाही, आकाश निळं असलं तरी. आमच्या डोक्यावर थेंब नव्हता. चौघं पात्रातून वर चाललो होतो, पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, खालचे गोटे दिसत होते. माझ्यासोबत आमचा सालदार होता, तडवी आहे, जंगलातच वाढलेला. तो एकदम थांबला आणि म्हणे बाहेर व्हा. आम्ही म्हटलं काय झालं. त्याने पाण्याकडे बोट दाखवलं, पाणी चहासारखं व्हायला लागलं होतं आणि त्यावर वाळकी पानं, काटक्या तरंगत येत होत्या. काठावर चढलो, तंबाखू मळून होईस्तोवर पाणी कमरेएवढं. पाऊस वर मध्य प्रदेशच्या हद्दीकडं झाला होता, आम्हाला पत्ता नाही. मग पलीकडच्या काठावर अडकलो, तीन तास बसलो, खिशात फक्त केळीचे वेफर्स. तीन तासांनी उतार पडला तेव्हा आलो.

उन्हाळ्याचंही ऐका. लोक म्हणतात घनदाट जंगल आहे, सावली मिळेल. अहो साग फेब्रुवारी-मार्चात उघडा पडतो, सालई पण. अंजनाला एप्रिलात नवी तांबूस पालवी फुटते, दिसायला फार सुंदर, पण कोवळ्या पालवीची सावली ती किती. त्यात खाली सागाची पानं पापडासारखी वाळलेली, वाट झाकून टाकतात, खाली खड्डा आहे का साप काहीच दिसत नाही. आणि वणव्याचे दिवस तेच. त्या दिवसात मी फक्त सकाळी सहा ते नऊ, आणि तेही पाण्याजवळच्या वाटेने.

शेकाट्या (भुसावळ)

माझं लिखाण फारसं ट्रेकचं नाही, मी पक्ष्यांसाठी फिरतो. हतनूरच्या जलाशयाला बाबांना घेऊन जातो, ते ७४ वर्षांचे आहेत, चढ नकोच. सगळ्यांना वाटतं तळ्याकाठची वाट म्हणजे सगळ्यात सोपी. जानेवारीनंतर पाणी मागे सरकतं आणि जो पट्टा उघडा पडतो तो वरून भेगाळलेला, कोरडा ठणठणीत दिसतो. मी चक्रवाकांची जोडी जवळून दिसावी म्हणून सरळ पाण्याकडे गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत. एक बूट अजून तिथंच आहे. काठावरून बाबा ओरडत होते, "जनावरांच्या खुरांचे ठसे बघ, म्हशी कुठून गेल्यात तिथूनच ये." म्हशीच्या वाटेनेच बाहेर आलो.

आता काठाला नेहमी जुन्या पाणरेषेच्या वरून चालतो, जिथं बाभळी नि गवत आहे. तिथून वारकरी, हळदी-कुंकू बदक, शेकाटे असे पाणपक्षी सगळे दिसतात, दुर्बीण लागते एवढंच. आणि सूर्य पाठीमागे येईल असा काठ निवडायचा, सकाळी पूर्वेचा, संध्याकाळी पश्चिमेचा. नाहीतर पाण्याच्या चकाकीत बदक आणि ढेकूळ सारखंच दिसतं.

धुळ्याची ताई

बाहेरचा अनुभव चालेल म्हणालात म्हणून. मुलगी जर्मनीत असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा क्रोएशियातल्या प्लिटविस तलावांना घेऊन गेली. राष्ट्रीय उद्यान १९४९ पासून, युनेस्कोच्या यादीत १९७९ पासून. एकाखाली एक अशी सोळा तळी, बारा वरची, चार खालची, आणि मधल्या बांधांवरून पाणी पडत राहतं. ते बांध कुणी बांधलेले नाहीत बरं का, पाण्यातला चुना शेवाळावर नि काटक्यांवर साचून साचून आपोआप झालेत, अजून वाढतायत. म्हणून पाण्यात पाय घालायला पण बंदी, पोहणं तर लांबच. आपल्याकडे धबधबा दिसला की आधी साबण निघतो!

पण विषय वाटेचा. तिथे वाटांना अक्षरं दिलीत, ए, बी, सी, ई, एफ, एच, के. दारावरच्या फलकावर प्रत्येकीचं अंतर, लागणारा वेळ, कुठे बोट, कुठे गाडी सगळं लिहिलेलं. के सगळ्यात लांब, १८ किलोमीटरच्या वर. मुलीला के हवी होती, जावयांना फोटोपुरती ए. माझा उजवा गुडघा बघून एच घेतली, सुमारे नऊ किलोमीटर, म्हणजे आधी गाडीने वरच्या तळ्यांपाशी नेऊन सोडतात आणि आपण पाण्यासोबत खाली खाली उतरत यायचं, मधलं मोठं तळं विजेच्या बोटीने. लाकडी फळ्यांची वाट, खालून पाणी. शेवटी ७८ मीटरचा मोठा धबधबा. त्यानंतर मात्र वर चढावं लागलंच, ते फलकावर माझ्या नजरेतून सुटलं होतं, आणि चार तास उतरून गुडघा बोलायला लागलेला. उतार सोपा हे दम्याच्या माणसासाठी खरं असेल, गुडघ्याच्या माणसाला उतारच नडतो. मेहरूणकर, तुमच्या आत्यांना दम लागतो का गुडघा दुखतो, ते आधी विचारा.

मेहरूणकर

गुडघा. डावा. विचारलंच नव्हतं कधी.

टेकडी (अमळनेर)

नोकरीत लेव्हल मोजण्यात आयुष्य गेलं, आता रिटायर आहे, म्हणून थोडा हिशोब. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर एक तास बारा मिनिटं अधिक अर्धा तास, पावणेदोन धरा. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, न थांबता, थंड हवेतला. पोरं, आत्या, फोटो, करवंदं आणि आपलं ऊन धरून मी सरळ दुप्पट करतो, मग अंधार पडायच्या दीड तास आधी संपते का बघतो. संपत नसेल तर ती वाट रद्द, कितीही सुंदर असो. बायको म्हणते तुम्ही सहलीचं पण टेंडर काढता.

सातमाळा (चाळीसगाव)

पाटणादेवी आमच्या गावाजवळची, म्हणून दोन शब्द. केदारकुंडाला नावं ठेवू नका, वाट चांगली आहे, फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, पाणी असतं नि दगड कोरडे असतात. आणि ज्यांना चालायचं नाही त्यांना देवळातच खूप आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख या पाटणचाच, शके ११२८ म्हणजे १२०६-०७ च्या सुमाराचा. गणिताच्या मास्तरला सोबत न्या, तो हलणारच नाही तिथून.

माझी चूक पितळखोऱ्याची. लेणी कन्नडकडून गाडीने गेलं तर पायऱ्या उतरून सोपी पडतात, पण आम्हाला पाटणादेवीकडून जंगलातूनच जायचं होतं. वाटाड्या घेतला नाही, दोनशे-तीनशे रुपये वाचवले. दीड तासाने वाट तीन ठिकाणी फुटली, सगळ्या सारख्याच मळलेल्या, आम्ही रुंद ती धरली. ती गुरांची निघाली. गुरांच्या वाटेचं असंय की ती पाण्याला जाते नाहीतर चाऱ्याला, आणि मग झुडपात विरघळून जाते. फिरून फिरून एका कड्याखाली आलो, वर आग्या मोहोळं, चार-पाच लोंबत होती. आमच्यात एकाने विडी पेटवली. पुढचं सांगत नाही, एवढंच की मी तोंडावर टॉवेल गुंडाळून काट्यातून जेवढा पळालो तेवढा शाळेतपण पळालो नव्हतो. सतरा डंख. त्या पोराला चाळीसपेक्षा जास्त, रात्रभर सलाईन. त्यामुळे माझा नियम: कड्याखालची वाट असेल तर आधी मान वर करून बघा. अत्तर, डिओ, धूर काही नको. अन् तीनशे रुपये द्या हो वाटाड्याला, त्याचं घर चालतं.

खरं बोलू का (नंदुरबार)

तुम्ही बठ्ठा वाट निवडतस, आम्ही दरसाल अस्तंबाले जातस, तठे निवडानं काय कामच नै!

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. धनत्रयोदशीला तळोद्याकडून अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याच्या यात्रेला निघतात, दिवाळीत. शिखर १३२५ मीटरचं, अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात तिथलं. रात्री हजारो माणसं एकाच वाटेने, वाट चुकायचा प्रश्नच नाही, बॅटऱ्यांची माळ दिसते डोंगरभर. पण म्हणूनच सांगतो, गर्दीची वाट सोपी वाट नव्हे. मागच्याचा धक्का, वरून सुटणारा दगड, आणि बसावं म्हटलं तर बसायला जागा नाही. पहिल्या वर्षी मी नवे बूट घालून गेलो, परत येताना पाय असे लटपटी ग्यात की जिना उलटा उतरत होतो चार दिवस. सोबतचे नाना साध्या टायरच्या चपलेत, ६० च्या पुढचे, वर पोचून माझी वाट बघत बसलेले.

केळीबाग (रावेर)

टायरच्या चपलेला तोड नाही. ओल्या दगडावरपण धरते.

टेकडी (अमळनेर)

असहमत. घोट्याला आधार लागतोच.

खरं बोलू का (नंदुरबार)

काका, नानाला सांगू का?

अनेरकाठ (शिरपूर)

उशिरा आलो. अनेर धरणाकडे कुणी गेलं नाही वाटतं यातलं. गर्दी नाही, जलाशय आहे, मागे सातपुडा, हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात. अभयारण्य आहे म्हणून नोंद करून, परवानगी विचारून मगच आत. मागे एका ग्रुपसोबत गेलो होतो, पैसे आगाऊ घेतलेले, आयोजकाने परवानगीच काढली नव्हती, दारावरूनच परत. पन्नास जण रस्त्याच्या कडेला कळण्याची भाकरी खाऊन घरी. आता मी स्वतः विचारतो, आणि विचारताना हेही विचारतो की सध्या कोणती वाट बंद आहे. अस्वल, बिबट्या कुठं फिरतंय हे तिथल्या वनमजुराला माहीत असतं. मोह गळायच्या दिवसात, मार्च-एप्रिलात, पहाटे मोहाखालून जाऊ नका असं त्यानेच सांगितलं, अस्वलं फुलं खायला येतात.

मेहरूणकर

सगळ्यांचं वाचून घरात पुन्हा बैठक झाली. आत्याला विचारलं, गुडघा उतारालाच दुखतो, सपाटीला तासभर आरामात चालते म्हणाली. म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी हतनूर, पाणरेषेच्या वरचा काठ, सकाळी. तिथून चांगदेवाचं देऊळ, तापी-पूर्णेचा संगम. कॉलेजवाले तिघं वेगळे केदारकुंडाला जातायत, वाटाड्या घेऊन. शेकाट्या, तुम्ही बाबांना घेऊन येता का? दुर्बीण एकच आहे आमच्याकडे.

शेकाट्या (भुसावळ)

येतो की. बाबा विचारतायत आत्याबाई वरणबट्टी करतात का. साडेसहाला धरणाच्या अलीकडे भेटू, पूर्वेच्या काठाला. माझा बूट दिसला तर सांगा.